जीपमधील बिनतारी : नागरिकांच्या लहरपट्ट्याची हकीकत

बारामतीहून मोरगांवच्या बाजूस निघालें म्हणजे उसाचे हिरवे मळे हळूहळू मागें पडतात. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी जेथें पोंचलें नाहीं अशी जिरायत भूमि सुरू होते. लोणी भापकर हें गांव याच भागांतलें. मल्लिकार्जुनाचें प्राचीन देऊळ, तेथील दगडी पुष्करणी आणि यज्ञवराहाची कोरीव मूर्ति यांमुळें इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचें नांव ठाऊक असतें. परंतु बिनतारी संदेशाचा विचार करणाऱ्यानें देवळाइतकाच गांवाबाहेरचा माळही पाहावा. उघड्या माळावर एक जीप दुसरीला दूरवरून दिसते, आणि जेथें दिसते तेथें बहुधा ऐकूंही येते. तीच जीप ओढ्याच्या घळींत उतरली कीं दोन्ही गोष्टी एकदम थांबतात. पश्चिमेस पुरंदरच्या डोंगरांत आणि त्याहीपलीकडे सह्याद्रीच्या घाटांत तर मोबाइल फोनही अनेक वळणांवर मुका होतो. अशा आडवाटांनीं चार-पांच वाहनें एका रांगेंत निघालीं, आणि पुढच्याला दिसलेली दरड मागच्याला कळविण्याची वेळ आली, तर काय करावें?

या प्रश्नाला अमेरिकेंत गेलीं साठांहून अधिक वर्षें एक उत्तर दिलें जातें. ‘सिटिझन्स बँड’, म्हणजे नागरिकांसाठीं राखून ठेवलेला लहरपट्टा; लोक त्याला नुसतें ‘सीबी’ म्हणतात. आपल्याकडे जीपसाठीं सीबी संच निवडूं पाहणारा गृहस्थ प्रथम किंमत व नाममुद्रा विचारतो. वास्तविक त्याची निवड बरीचशी अगोदरच झालेली असते. कांहीं जमिनीनें केलेली, आणि कांहीं कायद्याच्या इतिहासानें.

चालत्या गाडींत बिनतारी यंत्र बसविण्याची कल्पना पोलिसांची. १९२८ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनीं गाड्यांत ऐकण्याचीं यंत्रें बसविलीं. ठाण्यावरचा हुकूम शिपायास ऐकूं येई, परंतु त्याला उत्तर देतां येत नसे. उत्तरासाठीं रस्त्यावरचा टेलिफोन शोधावा लागे. १९३३ मध्यें न्यू जर्सींतील बेयॉन येथें गाडींतून बोलण्याचीही सोय झाली. पुढें दुसरें महायुद्ध आलें आणि १९४१ पासून जीप नांवाची लहानशी गाडी सर्व रणांगणांवर धांवूं लागली. या जीपची विजेची व्यवस्था अवघ्या ६ व्होल्टांची होती. शिवाय इंजिनांतील ठिणगी पेटली कीं तिचा कडकडाट बिनतारीच्या कर्ण्यांतही ऐकूं येई. म्हणून ज्या गाड्यांचा हा गोंगाट दाबून टाकण्याची व्यवस्था केलेली असे, त्यांच्या नोंदणी-क्रमांकापुढें ‘एस’ हें अक्षर रंगवीत. आजही जुनी जीप हौसेनें बाळगणाऱ्यास हाच गोंगाट पहिल्यानें छळतो, आणि तो संचाला दोष देतो!

युद्धानंतर जीप आपल्याकडे नागरी वाहन म्हणून आली. १९४७ पासून मुंबईंत महिंद्र कंपनीनें तिची जोडणी सुरू केली. परंतु तिच्यांतली बिनतारी मात्र नागरिकाच्या हातीं आली नाहीं, आणि याचें कारण यंत्रशास्त्रांत शोधून सांपडणार नाहीं.

१८८५ च्या तारायंत्र कायद्यानें संदेशवहनाचा अधिकार सरकारनें आपल्याकडे ठेवला होता. १९३३ च्या बिनतारी कायद्यानें तर यंत्र नुसतें जवळ बाळगण्यासही परवाना लागूं लागला. घरांत गाणीं ऐकण्याच्या रेडिओसाठीं पोस्टांत पैसे भरून परवाना घेण्याची पद्धत पुढें कित्येक दशकें चालली. आजच्या वृद्धांच्या ती चांगली स्मरणांत असेल. ऐकण्याला जेथें परवाना, तेथें बोलण्याची काय कथा! सरकारला कशाचें भय वाटत होतें, हें १९४२ च्या मुंबईनें दाखवून दिलें. ‘छोडो भारत’ चळवळीचे पुढारी तुरुंगांत गेल्यावर उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, बाबूभाई खाकर आदि तरुणांनीं ४२.३४ मीटर लहरीवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. वृत्तपत्रांत जें छापतां येत नव्हतें तें त्यावरून सांगितलें जाई. माग लागूं नये म्हणून यंत्र एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवावें लागे. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं तें पकडलें. उषाबेन त्या वेळीं बावीस वर्षांच्या होत्या. त्यांना चार वर्षांची सजा झाली. बोलणारें यंत्र जागा बदलूं लागलें म्हणजे राज्यकर्त्याची झोंप कशी उडते, याचें याहून बोलकें उदाहरण मुंबई इलाख्यांत मिळणार नाहीं. नवलाची गोष्ट अशी, कीं ज्या कायद्यांनीं तो रेडिओ गुन्हा ठरविला ते कायदे स्वराज्यानेंही जसेच्या तसे पुढें चालविले. त्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेनें संमत केला तो २०२३ सालीं.

अमेरिकेनें याच काळांत उलट मार्ग धरला. १९४५ सालीं तेथील सरकारनें सामान्य नागरिकांसाठीं एक लहरपट्टा राखून ठेवला. परंतु तो फार उंच कंपनसंख्येचा असल्यामुळें यंत्रें महाग पडत. १९५८ मध्यें २७ मेगासायकलांच्या आसपासचा पट्टा मोकळा केला, तेव्हां खरी सुरुवात झाली. (मेगासायकल म्हणजेच आजच्या पुस्तकांतील मेगाहर्ट्झ.) त्यांत २३ वाटा, म्हणजे चॅनेल, होत्या. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल कोठें मिळतें आणि वेगमर्यादेचा पोलिस कोठें उभा आहे, हें ट्रकवाले एकमेकांस सीबीवरून सांगूं लागले, आणि पाहतां पाहतां यंत्र घरोघर गेलें. गर्दी इतकी झाली कीं १९७७ च्या आरंभीं वाटा वाढवून ४० कराव्या लागल्या. नववी वाट संकटासाठीं राखलेली, एकोणिसावी महामार्गावरच्या वाहनांची. इंग्लंडनें बरीच टाळाटाळ करून २ नोव्हेंबर १९८१ रोजीं परवानगी दिली, ती मात्र २७.६ ते २८ मेगासायकलांच्या दरम्यान, निराळ्याच वाटांवर.

भारतांत ही सवलत २००५ च्या नियमांनीं आली. २६.९५७ ते २७.२८३ मेगासायकल एवढा पट्टा बिनपरवाना वापरण्यास मोकळा झाला. शक्ति ५ वॉटपर्यंत, आणि एरियल संचाच्या अंगचेंच असावें अशी अट. हे आंकडे कागदावर रुक्ष दिसतात, परंतु खरेदी करणाऱ्याचें सर्व हित त्यांत आहे. परदेशांतील आप्तानें प्रेमानें पाठविलेला अमेरिकन संच घ्या. त्याची सत्ताविसावी वाट २७.२७५ वर आहे, म्हणजे आपल्या कुंपणाच्या आंत. अठ्ठाविसावी २७.२८५ वर, म्हणजे कुंपणाबाहेर. तेथून चाळिसावीपर्यंतच्या सर्व वाटा आपल्याकडे वर्ज्य. इंग्लंडच्या मूळ धाटणीच्या संचाची तर एकही वाट आपल्या हद्दींत बसत नाहीं. शिवाय अमेरिकन संच पिढ्यान् पिढ्या ए. एम. पद्धतीनें बोलत आला, इंग्लंडचा एफ. एम. पद्धतीनें; दोन गाड्यांत दोन पद्धतींचे संच असले तर वाट एक असूनही बोलणें समजत नाहीं. म्हणून संच एकट्यानें निवडूं नये, रांगेंतल्या सर्वांनीं मिळून एकाच जातीचे घ्यावे.

अटींतला दुसरा भाग मात्र जीपवाल्याच्या मुळावर येणारा आहे. २७ मेगासायकलांची लहर सुमारें ११ मीटर लांब. तिला नीट पेलणारें एरियल तिच्या चतुर्थांशाएवढें, म्हणजे सुमारें ९ फूट, असावें लागतें. आणि गाडीचा लोखंडी पत्रा त्याच्याखालीं जमिनीचें काम करतो. म्हणूनच परदेशांत टपाच्या मध्यभागीं उंच काठी डोलतांना दिसते. कापडी टपाच्या जीपला पत्र्याचें छत नसल्यानें ती काठी अंगाला किंवा मागच्या बंपरला लावतात, आणि मग एका दिशेस आवाज जास्त व दुसरीस कमी जातो. हातभर एरियलचा संच लोखंडी गाडीच्या आंत बसून वापरला तर निम्मी शक्ति पत्र्यांतच कोंडते. तेव्हां गाडीसाठीं म्हणून मिळालेली ही सवलत गाडींतच लंगडी पडते, असें म्हणणें भाग आहे. नियम करणाऱ्यांना बहुधा लांब पल्ल्याची भीति वाटली असावी, आणि ती अगदींच निराधार नाहीं. सूर्यावरील डागांचा जोर असतो त्या वर्षीं याच लहरी आकाशांतून परावर्तन पावून हजारों मैल जातात, आणि शेजारच्या जीपऐवजीं परक्या मुलखांतलें बोलणें कानीं येतें.

२०१८ च्या नियमांनीं ४४६.० ते ४४६.२ मेगासायकल हा आणखी एक अरुंद पट्टा अल्पशक्तीच्या संचांना बिनपरवाना मिळाला. तेथील लहर हाताच्या वितीत मावणाऱ्या एरियलनेंही नीट पेलते, हा मोठाच फायदा. उघड्या माळावर, जवळजवळ चालणाऱ्या गाड्यांसाठीं हा पट्टा अधिक सोईचा. झाडझाडोऱ्यांतून व उंचवट्यांच्या कडेनें जाण्यास २७ ची लांब लहर बरी. ज्याला याहून दूर बोलावयाचें असेल त्यानें सरकारी परीक्षा देऊन हौशी बिनतारीचा, म्हणजे हॅमचा, परवाना काढावा हें उत्तम. कोणताही संच घेतांना त्यावर भारत सरकारची उपकरण-मान्यता आहे कीं नाहीं, आणि नियमांचा त्या दिवशीं चालू असलेला मजकूर काय म्हणतो, हें दुकानदाराच्या तोंडी भरंवशावर सोडूं नये.

किंमत मोजण्यापूर्वीं एक प्रयोग लोणी भापकरच्या परिसरांत सहज करतां येईल. एक माणूस व एक संच पुष्करणीपाशीं ठेवावा. दुसरा संच जीपमध्यें घेऊन मोरगांवच्या दिशेनें निघावें आणि दर अर्ध्या मैलास थांबून तीन वेळां बोलावें : एकदां गाडींत बसून, एकदां हात खिडकीबाहेर काढून, आणि एकदां उतरून, इंजिन बंद करून. आवाज कोठें तुटला तें गांवच्या नकाशावर पेन्सिलीनें टिपावें. पहिल्या व तिसऱ्या टिपणांत किती मैलांचें अंतर पडतें तें पाहूनच मग दुकानाची पायरी चढावी.