स्वॅबचे बिल आणि १८९७ चा कायदा : चाचणीचा खर्च कोणी सोसायचा?

#थ्रेड

मार्च २०२० मध्ये करोनाच्या एका आरटी-पीसीआर चाचणीसाठी खासगी प्रयोगशाळेला कमाल ४,५०० रुपये आकारता येत होते. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात तीच चाचणी ३५० रुपयांत होऊ लागली. विषाणू तोच, चाचणीचे तत्त्वही तेच. मग मधल्या वीस-एकवीस महिन्यांत ४,१५० रुपये गेले कोठे? याचा माग काढताना थेट प्लेगच्या काळापर्यंत मागे जावे लागते आणि वाटेत नेवासा तालुक्यात थोडे थांबावे लागते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा अस्तित्वात आला. मुंबई-पुण्यातील प्लेग हे त्याचे निमित्त. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, रँड आणि चापेकर बंधू यांमुळे तो महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला. तथापि त्याच्या दुसऱ्या कलमात एक तरतूद आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. साथ रोखण्यासाठी नियम करण्याचा अधिकार सरकारला देतानाच, त्यापायी होणारा खर्च कोणी आणि कशा रीतीने सोसायचा हे ठरवण्याचा अधिकारही ते कलम देते.

त्या वेळी हा खर्च प्रयोगशाळेचा नव्हता. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच सापडला होता. पण पुण्यातील झडतीपथकांचे निदान चालत असे ते डोळ्यांनी आणि हातांनी, काखेतील व जांघेतील गाठी चाचपून. लोकांचा संताप मुख्यतः त्यावरच होता. परळला हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली ती १८९९ मध्ये.

प्रयोगशाळेतील चाचणी खऱ्या अर्थाने खेड्यात पोहोचली ती स्वातंत्र्यानंतर, हिवतापाच्या मोहिमेतून. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये आणि निर्मूलन कार्यक्रम १९५८ मध्ये सुरू झाला. त्यातून दारोदार जाणारा कर्मचारी तापाच्या रुग्णाच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेई. त्या काचपट्टीचे बिल कधी रुग्णाच्या हातात पडले नाही. येथे चाचणी रुग्णासाठी जेवढी, तेवढीच गावासाठी होती. एक हिवताप वेळेत ओळखला, तर पुढचे टळत. म्हणून तिचा खर्च सार्वजनिक मानला गेला.

मधुमेह, कावीळ, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार यांना मात्र हा न्याय लागू झाला नाही. ते ‘ज्याचे त्याचे’ आजार ठरले आणि त्यांच्या चाचण्याही.

याला एक मोठा अपवाद होता : कामगार राज्य विमा योजना. १९४८ च्या कायद्याने विमाधारक कामगाराला दवाखान्यात दाखल न होताही उपचार व चाचण्या मिळू लागल्या. नेवाशाचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली तो पैस खांब ही या गावाची ओळख. तालुक्याचे अर्थकारण मात्र उसावर उभे आहे. सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर हे दोन सहकारी साखर कारखाने याच तालुक्यातले. आणि १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते. हंगामी उद्योगांच्या यादीत साखर व गूळ यांची नावे स्पष्टपणे लिहिलेली होती. ऊस पिकवणारा व तोडणारा तर त्या कायद्याच्या कक्षेत कधी नव्हताच. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या गिरणीतील वा कारखान्यातील कामगाराला जी रक्ततपासणी विम्यातून मिळे, तीच नेवाशाकडच्या बहुतेकांना खिशातून करावी लागे. हा योगायोग नव्हे. कायद्याच्या व्याख्येचा तो परिणाम आहे.

दुसरा विमा आला १९८६ मध्ये. सरकारी विमा कंपन्यांची ‘मेडिक्लेम’. तिचा पाया रुग्णालयातील मुक्काम हा होता. चाचणीचे पैसे मिळत, पण ती पुढे दाखल होण्याशी जोडलेली असली तरच. सर्वसाधारणपणे दाखल होण्यापूर्वीचे ३० आणि घरी परतल्यानंतरचे ६० दिवस. केवळ तपासणीसाठी दाखल झाल्यास दावा नामंजूर. आजही हा अपवाद पॉलिसींच्या प्रमाणित कलमांमध्ये आहे.

विमा कंपनीच्या बाजूने पाहिले तर यात तर्क आहे, हे मान्य करावे लागेल. दोनशे-तीनशे रुपयांचे लाखो दावे तपासण्याचा खर्च दाव्यांच्या रकमेइतका होऊ शकतो. शिवाय बिल दुसरा भरणार म्हटले की अनावश्यक चाचण्या वाढतात. पण परिणाम विचित्र झाला. दुखणे हाताबाहेर गेल्यावरचा खर्च विम्यात बसला आणि ते लवकर ओळखणारी स्वस्त चाचणी विम्याबाहेर राहिली. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी, म्हणजे आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, हीही याच घडणीची. दाखल रुग्णाच्या चाचण्या पॅकेजमध्ये येतात. निदान व्हायचे असलेल्याच्या नाही.

अशा स्थितीत २०२० उजाडले. नगर जिल्ह्यातील संशयितांचे नमुने आरंभी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जात. नेवाशाहून ते अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. सरकारी चाचणी मोफत होती, पण तोकडी. मार्चमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने खासगी प्रयोगशाळांना मुभा दिली ती ४,५०० रुपयांच्या कमाल दराने : प्राथमिक चाचणी १,५००, खात्रीची ३,०००. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे एका चाचणीसाठी जवळजवळ १९ दिवसांचे काम.

८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने खासगी चाचण्याही मोफत करण्याचा आदेश दिला. पैसे कोण देणार, असा प्रश्न प्रयोगशाळांनी केला आणि पाचच दिवसांत आदेश बदलला. मोफत चाचणी आयुष्मान भारतचे लाभार्थी व दुर्बल घटक यांच्यापुरती उरली. खर्च कोणी सोसायचा, हा १८९७ च्या कलमातला प्रश्न १२३ वर्षांनी जसाच्या तसा पुढे आला होता.

मे अखेरीस परिषदेने दर ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. महाराष्ट्राने समिती नेमली ती राज्य आरोग्य हमी सोसायटीचे मुख्याधिकारी डॉ. सुधाकर शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली. ही निवड अर्थपूर्ण होती. रुग्णालयांशी फुले योजनेच्या पॅकेजचा हिशेब करणारे कार्यालय तेच. प्रयोगशाळेचा खरा खर्च आणि मागितलेला दर यांत किती अंतर असते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? १३ जून २०२० रोजी दर जाहीर झाला : रुग्णालयातून नमुना नेल्यास २,२००, घरून नेल्यास २,८००. त्यानंतर सर्वांत खालचा दर ऑगस्टमध्ये १,९००, सप्टेंबरमध्ये १,२००, ऑक्टोबरमध्ये ९८०, डिसेंबरमध्ये ७००, मार्च २०२१ अखेर ५०० आणि ६ डिसेंबर २०२१ रोजी ३५०.

यामागे नुसता सरकारी दट्ट्या नव्हता. आरंभी संच परदेशी आणि दुर्मीळ होते. पुण्याच्या मायलॅबच्या संचाला मार्च २०२० मध्येच मान्यता मिळाली आणि पुढे देशी उत्पादक वाढले. दुसरे कारण यंत्राचे. पीसीआर यंत्र, प्रशिक्षित तंत्रज्ञ, सुरक्षित कक्ष यांचा खर्च दिवसाला वीस नमुने असोत वा दोन हजार, फारसा बदलत नाही. नमुने वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च घसरतो. पण हा घसरलेला खर्च आपोआप रुग्णापर्यंत पोहोचला असता का? प्रत्येक कपात सरकारी आदेशाने झाली, हे त्याचे उत्तर मानता येईल.

डिसेंबर २०२१ च्या दरपत्रकात तीन आकडे होते : संकलन केंद्रावर ३५०, रुग्णालय वा कोविड केंद्रातून ५००, घरून ७००. घरच्या नमुन्यासाठी दुप्पट पैसे. तालुक्याच्या गावातून नमुना शहराकडे जातो तेव्हा चाचणीच्या किमतीत रसायनांइतकाच वाटा रस्त्याचा असतो, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या पत्रकाने स्पष्ट सांगितले.

आणि विमा? जुलै २०२० मध्ये ‘कोरोना कवच’ पॉलिसी बाजारात आली. पॉझिटिव्ह अहवाल आणि, रुग्णालयातील उपचारांसाठी, किमान २४ तासांचा मुक्काम या तिच्या अटी. दाखल होण्यापूर्वीच्या १५ दिवसांतला खर्च मान्य. निगेटिव्ह आलेल्याच्या चाचणीचे पैसे सर्वसाधारणपणे ज्याचे त्यानेच भरायचे. १९८६ ची चौकट महासाथीतही फारशी हलली नाही.

३५० रुपयांचा दर साथीच्या कायद्यांच्या बळावर होता. एरवीच्या रक्ततपासण्यांना खासगी प्रयोगशाळेत तशी कमाल मर्यादा नाही. चाचणीच्या दरात दडलेल्या ‘कट’विरुद्ध निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने २०१७ मध्ये मसुदा केला, तो मसुदाच राहिला. त्याच सुमारास एचएलएल या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत ‘महालॅब’ सुरू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून व ग्रामीण रुग्णालयांतून नमुने गोळा होतात आणि कंपनीचे पैसे सरकार भरते. रुग्णाकडून काही घेतले जात नाही, तो दाखल असो वा नसो. हिवतापाच्या काचपट्टीनंतर इतक्या मोठ्या प्रमाणावर हे पुन्हा घडायला सुमारे सहा दशके लागली.