फळ्यावरचं दिसतंय ना? शाळेतल्या नजर-तपासणीचा इतिहास

"डॉक्टर, याचं अभ्यासात लक्षच नाही. फळ्यावरचं वहीत चुकीचं उतरवतो." रेवदंड्याच्या माझ्या दवाखान्यात ही तक्रार अधूनमधून येते. त्यातल्या काही मुलांना टॉनिक नव्हे, चष्मा हवा असतो. 'मला कमी दिसतं' असं मूल सहसा सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं, असा त्याचा समज असतो. मग हे ओळखायचं कोणी?

१८६२ मध्ये नेदरलँड्समधील नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता तयार केला. नजरेला ठरावीक माप मिळालं आणि प्राथमिक तपासणीसाठी डॉक्टरच हवा, असं उरलं नाही. १८९९ मध्ये अमेरिकेतील कनेटिकट राज्याने हे काम कायद्याने शिक्षकांकडे सोपवलं.

आपल्याकडे राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला; शालेय नजर-तपासणी त्यात १९९४ मध्ये आली. नेत्रतज्ज्ञ मोजके, शाळा मात्र गावोगावी. म्हणून शिक्षकांनाच प्रशिक्षण देण्यात आलं. मूल सहा मीटरवर उभं करायचं. कार्डावरच्या इंग्रजी 'ई'ची तोंडं कुठल्या दिशेला आहेत, ते त्याने बोटांनी दाखवायचं. अक्षरओळखही लागत नाही. शिक्षकांनी चष्म्याचा नंबर काढायचा नाही. ज्याला नीट दिसत नाही, त्याला पुढच्या तपासणीसाठी पाठवायचं, एवढंच.

यात एक नियम कधीही मोडू नये : एका वेळी एकच डोळा तपासायचा, दुसरा नीट झाकायचा. एक डोळा अधू असला तरी मूल चांगल्या डोळ्यावर काम भागवतं आणि अधू डोळा 'आळशी' होतो. यावर साधारण सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले, तर सर्वांत चांगला फायदा होतो.

शिक्षकांच्या तपासणीचा भर पाचवीच्या पुढच्या मुलांवर होता. तोवर हा काळ बराचसा सरलेला असे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. पण पथक एक दिवस येतं. मूल रोज दिसतं ते बाईंना, गुरुजींना आणि तुम्हाला.

तेव्हा शाळेतून चिठ्ठी आली, तर ती दप्तरात राहू देऊ नका. डोळे तपासून घ्या. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा गैरसमज आहे. चष्मा मिळाला, की तो मुलाच्या डोळ्यांवर दिसला पाहिजे, कपाटात नव्हे.