यंत्राचे फासे

फासा टाकणें हें मनुष्याला जितकें सोपें, तितकेंच तें संगणकाला अवघड आहे. तेंच गणित त्याच्यापुढें शंभर वेळां मांडलें, तरी उत्तर तेंच यावयाचें. हा त्याचा मोठा गुण. परंतु एका कामीं हाच गुण दोष ठरतो. बँकेचा व्यवहार किंवा खाजगी निरोप सुरक्षित ठेवणारी गुप्त किल्ली कोणाला तर्कानें सांपडतां कामा नये. आणि जें केवळ गणितानें काढलें, तें दुसऱ्यासहि गणितानें काढतां येतें. म्हणून ज्यांत कसलाच क्रम नाहीं असे यदृच्छ अंक निसर्गांतून आणावे लागतात. ते आणणारें उपकरण आणि संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्यें ‘ड्रायव्हर’ नांवाची एक दुभाषी आज्ञावली असते. या दुभाष्याच्या शब्दावर कितपत विसंबावें, हा प्रश्न आजतागायत मिटलेला नाहीं.

इ. स. १९५१ मध्यें मँचेस्टर विद्यापीठांत आलेल्या फेरँटी मार्क १ या यंत्रांत ॲलन ट्युरिंग यांच्या सूचनेवरून एक विलक्षण आज्ञा घातलेली होती. ती देतांच विजेच्या स्वाभाविक गोंगाटापासून तयार झालेले अंक यंत्राच्या हातीं येत. त्याच वर्षीं जॉन फॉन नॉयमन यांनीं अशा अंकांविषयीं आक्षेप नोंदविला: ते पुन्हां मिळत नाहींत, मग हिशेब पडताळून पाहावयाचा कसा? आक्षेप रास्त होता, आणि पुढें कित्येक वर्षें बहुतेकांनीं गणिती अंकांवरच काम भागविलें. परंतु फॉन नॉयमन यांनींच एक नामी युक्तिहि सांगून ठेविली. नाणें एका बाजूस झुकतें असलें, तर तें दोनदां उडवावें. दोन्ही वेळां सारखें पडल्यास सोडून द्यावें. छापा-काटा पडल्यास शून्य धरावें, काटा-छापा पडल्यास एक. एका उडवणीचा दुसरीशीं संबंध नसेल, तर खोट्या नाण्यांतूनहि खरा न्याय मिळतो.

गुप्तलेखन घरोघरीं पोंचलें, तेव्हां गणिती अंकांचा दुबळेपणा उघडा पडला. १९९५ मध्यें बर्कली येथील इयन गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर या दोघा विद्यार्थ्यांनीं दाखवून दिलें कीं, नेटस्केपची किल्ली घड्याळांतील वेळ व संगणकांतील चालू कामांचे क्रमांक यांपासून बनते, म्हणजेच ती अंदाजानें शोधतां येते. लिनक्समध्यें थिओडोर त्सो यांनीं १९९४ मध्येंच निराळी वाट धरली होती. दोन कळा दाबण्यांतील अंतर, डिस्कला लागणारा विलंब असल्या बारीकसारीक अनियमित गोष्टी एका हौदांत सांठवून त्या घुसळावयाच्या आणि त्यांतून अंक काढावयाचे, अशी ती योजना.

१९९९ मध्यें इंटेल कंपनीनें आपल्या ८१० या चिपसंचांत खास यदृच्छ अंकांचें उपकरण बसविलें. विद्युत्रोधांतील उष्णतेचा गोंगाट हें त्याचें मूळ, आणि त्याचा झुकाव काढण्यास योजिलेली युक्ति फॉन नॉयमन यांचीच. लिनक्सचा ड्रायव्हर हे अंक आणी खरा, परंतु ते थेट हौदांत ओतीत नसे. ‘आरएनजीडी’ नांवाचा निराळा कार्यक्रम वीस वीस हजार अंकांचा गट घेऊन त्याची परीक्षा करी, व उत्तीर्ण गटच पुढें पाठवी. २००६ मध्यें निरनिराळ्या कंपन्यांच्या अशा उपकरणांसाठीं लिनक्समध्यें एक सामाईक चौकट झाली. २०१४ पासून ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा स्वतःच त्यांचे अंक हौदांत घेऊं लागला.

या खटाटोपाची किंमत २०१२ मध्यें कळली. राउटरसारख्या लहान उपकरणांना ना कीबोर्ड, ना फिरती डिस्क. प्रथम सुरू होतांना त्यांचा हौद जवळजवळ रिकामा असे, आणि नेमकी त्याच वेळीं तीं आपली गुप्त किल्ली बनवीत. नादिया हेनिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सगळें इंटरनेट चाळून पाहिलें, तेव्हां परस्परांशीं कांहीं संबंध नसलेल्या यंत्रांच्या किल्ल्यांत एकच मूळ संख्या सामाईक असल्याचें आढळलें. अशा दोन किल्ल्या फोडावयास शाळेंत शिकविलेला दृढभाजक, म्हणजे महत्तम साधारण विभाजक, पुरे होतो. टीएलएस पद्धतीनें संरक्षित अशा यंत्रांपैकीं सुमारें अर्धा टक्का यंत्रांच्या गुप्त किल्ल्या त्यांना अशा रीतीनें काढतां आल्या.

त्याच वर्षीं इंटेलच्या प्रोसेसरांत ‘आरडीरँड’ ही अंक देणारी आज्ञा आली. परंतु चिपच्या पोटांत काय चालतें हें बाहेरून कोणास दिसणार? २०१३ मध्यें एडवर्ड स्नोडेन यांच्या कागदपत्रांवरून अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीनें गुप्तलेखनाच्या पद्धति दुबळ्या करण्याचे प्रयत्न केल्याचें प्रसिद्ध झालें. आरडीरँडमध्यें मुद्दाम ठेवलेली खोट कोणी सिद्ध केली नाहीं. तथापि द्यूतसभेंतील फासे कोणाच्या हातचे होते हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही शंका समजावून सांगण्याची गरज नाहीं. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनीं ते अंक थेट न वापरतां इतर अंकांत घुसळूनच वापरावयाचे ठरविलें. लिनक्समध्येंहि ते अनेकांपैकीं एक म्हणूनच मिसळले जात.

ही सावधगिरी २०१९ मध्यें उपयोगी ठरली. एएमडी कंपनीच्या त्या वर्षींच्या नव्या प्रोसेसरांपैकीं कांहींवर ही आज्ञा दिली कीं प्रत्येक वेळीं सगळे एकच एक येत, आणि वर काम बिनचूक झाल्याची ग्वाहीहि मिळे! तिच्यावर विसंबणारा ‘सिस्टिमडी’ हा लिनक्सवरील कार्यक्रम अडून बसला व कित्येक संगणक सुरूच होईनात. कंपनीनें दुरुस्ती पाठविली. आणि लिनक्सच्या गाभ्यांत, संगणक सुरू होतांना प्रोसेसरकडे लागोपाठ अनेक वेळां अंक मागून ते बदलतात कीं नाहीं हें पाहण्याची, व न बदलल्यास इशारा देण्याची तजवीज झाली.