बोंबील, पपई आणि बर्फ : रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून विकरांचा इतिहास

१/ कच्च्या वा गोठवलेल्या मांसातील ‘जिवंत’ एन्झाइम्स पचनाला बळ देतात आणि शिजवल्याने अन्न ‘मृत’ होते, असे सांगणाऱ्या चित्रफिती सध्या पुष्कळ फिरत आहेत. एन्झाइमला मराठीत ‘विकर’ म्हणतात. हा दावा प्रयोगशाळेप्रमाणे इतिहासातही तपासता येतो. त्यासाठी आज रेवदंड्याला जाऊ. #धागा

२/ कुंडलिकेच्या मुखाशी वसलेले रेवदंडा म्हणजे प्राचीन चौल बंदराचाच एक भाग. १५०८ मध्ये येथील पाण्यात पोर्तुगीज आरमाराची इजिप्त आणि गुजरातच्या संयुक्त आरमाराशी लढाई झाली. १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी किल्ल्याचे काम आरंभले. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. सत्ता बदलल्या, पण किनाऱ्यावरचा एक प्रश्न तसाच राहिला : पकडलेली मासळी टिकवायची कशी?

३/ मासा मरतो, पण त्याच्या पेशींतील विकरे काम थांबवत नाहीत. जिवंतपणी अन्न पचवणारी ही द्रव्ये मरणोत्तर माशाच्याच ऊती विरघळवू लागतात. मांस मऊ पडते, पोट फुटते, आणि जिवाणूंना आयते अन्न मिळते. कोकणच्या दमट उष्म्यात हे सारे काही तासांत घडते. ‘विकर’ हा शब्द जन्मण्यापूर्वी कित्येक शतके कोळी समाजाला हा परिणाम ठाऊक होता.

४/ बोंबलाचेच पाहा. त्याच्या वजनाचा जवळपास ९० टक्के भाग पाणी. म्हणून दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगायचे आणि ऊन-वाऱ्यात वाळवायचे. पाणी गेले की विकरांचे व जिवाणूंचे काम खुंटते. इतर मासळीत हेच काम मीठ करते. ते मांसातील पाणी ओढून घेते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागत, तेव्हा घर चाले ते आगोटीला भरून ठेवलेल्या सुक्या बोंबलांवर, जवळ्यावर आणि सोड्यांवर.

५/ म्हणजे विकरांना आवरणे ही या किनाऱ्याची एक विद्या. दुसरी विद्या त्यांना कामाला लावण्याची, आणि तिचा धागा पोर्तुगीज काळाशी जोडलेला आहे. पपई मूळची मध्य अमेरिकेची. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन नोंदवतो की हे फळ स्पॅनिश मुलखातून फिलिपिन्स आणि मलाक्कामार्गे हिंदुस्थानात आले. आज कच्च्या पपईचा कीस मटणाला चोळून ठेवण्याची रीत घरोघरी परिचित आहे.

६/ त्या किसामागचे शास्त्र पुढे उलगडले. १८३६ मध्ये श्वान याने जठरातील पेप्सिन शोधले. १८७७ च्या सुमारास क्यूने याने ‘एन्झाइम’ हा शब्द रूढ केला. १८७९ मध्ये पॅरिसमध्ये वुर्त्झ आणि बुशू यांनी पपईच्या चिकातील द्रव्याला ‘पपेन’ असे नाव दिले. पपेन प्रथिनांचे बंध तोडते, म्हणून मटण लवकर शिजते. मात्र हे काम भांड्यात होते, आपल्या पोटात नव्हे. रस्सा उकळू लागला की पपेन निकामी होते.

७/ मग आला बर्फ. १८३३ मध्ये बोस्टनहून अमेरिकन तळ्यांचा बर्फ जहाजाने कलकत्त्याला पोहोचला. पुढे मुंबईतही त्यासाठी ‘आइस हाउस’ उभे राहिले. आज होडी समुद्रात निघण्यापूर्वी तिच्यात बर्फ भरला जातो. पण थंडी विकरांना मारत नाही, केवळ मंदावते. गोठवलेल्या माशातही मेद तोडणारी विकरे सावकाश काम करत राहतात. म्हणून फ्रीझरमधल्या मासळीलाही कालांतराने खवट वास येतो.

८/ आता मूळ दावा. अन्नातील विकरे आपल्या पचनाचा भार हलका करतात, हा विचार अमेरिकेत एडवर्ड हॉवेल यांनी मांडला. त्यांचे ‘एन्झाइम न्यूट्रिशन’ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. अडचण अशी की विकरे स्वतःच प्रथिने आहेत. जठरातील आम्ल आणि पेप्सिन त्यांतील बहुतेकांना इतर प्रथिनांसारखेच मोडून टाकतात. मांस पचवायला लागणारी विकरे आपले जठर, स्वादुपिंड आणि आतडे स्वतः तयार करतात.

९/ उलट, काही विकरे थेट अपाय करतात. काही कच्च्या माशांतील थायमिनेज हे ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. शिजवल्यावर ते निष्क्रिय होते. बांगडा उन्हात तसाच राहिला, तर जिवाणूंची विकरे त्यात हिस्टामिन तयार करतात. हे हिस्टामिन नंतर शिजवून वा गोठवूनही जात नाही. ते खाल्ल्यास चेहरा लाल होणे, खाज, डोकेदुखी, धडधड असा त्रास होतो. ‘बांगडा ताजाच घ्यावा’ या आग्रहामागे एवढे शास्त्र आहे.

१०/ तेव्हा ‘पूर्वज कच्चे खात, म्हणून निरोगी होते’ असे कोणी म्हणाले, तर त्याला या किनाऱ्यावरची बोंबलांची दोरी दाखवावी. येथील पूर्वजांनी मासळी वाळवली, खारवली आणि शिजवली, कारण तसे न केल्यास काय होते ते त्यांनी पाहिले होते. परंपरेचा दाखला द्यायचाच असेल, तर तो पूर्ण द्यावा.

#रेवदंडा #चौल #खाद्यइतिहास