अपस्मार आणि विवाहाचा कायदा

बोलीत ज्याला फेफरे किंवा मिरगी म्हणतात, त्या व्याधीला आयुर्वेदाने 'अपस्मार' हे नाव दिले. स्मृतीचा लोप, हा त्याचा अर्थ. चरकसंहितेत उन्मादाचा अध्याय निराळा आणि अपस्माराचा निराळा. वेड आणि फेफरे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढा विवेक त्या ग्रंथकारांपाशी होता. पुढे १९२९ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युत्प्रवाहाचे आलेख प्रसिद्ध केले, आणि झटका म्हणजे त्याच प्रवाहाचा क्षणिक क्षोभ, हे कागदावर रेखाटून दाखविणे शक्य झाले.

आश्चर्य हे की, यानंतरही स्वतंत्र भारताच्या कायद्याने ही दोन दुखणी एकत्र बांधली. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यात मुळात अपस्माराचा उल्लेख नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने तो पाचव्या कलमात वेडाच्या शेजारी आणून बसविला. ज्याला वारंवार झटके येतात त्याचा विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येऊ लागला. याची झळ मुलींना अधिक लागली. आईबाप दुखणे लपवीत. सासरी गेलेली मुलगी गोळ्या चोरून घेई, किंवा घेईनाशी होई. औषध एकाएकी तुटले की झटके उसळून येतात. म्हणजे जे लपवायचे तेच चारचौघांत उघडे पडे.

१९९९ साली संसदेने तो शब्द कलमातून काढून टाकला. मधे तेवीस वर्षे गेली होती.