काळा प्लग काय सांगायचा? पेट्रोलवरच्या ट्रकांची गोष्ट

ट्रक म्हटलं की डिझेल, असं आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय. पण आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्या काळात भारतातले बहुतेक ट्रक पेट्रोलवर धावायचे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ मध्ये कुर्ल्याला डॉज, फार्गो हे अमेरिकन ट्रक जोडायला घेतले. त्यांतही सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असायचं. टाटा-मर्सिडीजचा डिझेल ट्रक आला १९५४ मध्ये.

या पेट्रोल ट्रकांचं एक दुखणं म्हणजे मिक्स्चर रिच होणं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की काळा धूर, पेट्रोलचा वास, ॲव्हरेज खाली. बरं, नुकसान एवढ्यावर थांबत नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, ऑइल पातळ होतं, रिंगा झिजतात. म्हणजे मालकाला इंजिनचं कामच निघालं!

मग ओळखायचं कसं? गाडी लोडवर पळवून आणायची, बंद करायची, प्लग खोलायचे. विटकरी-तपकिरी रंग असेल तर ठीक. पांढरट असेल तर पेट्रोल कमी. कोरडी काळी काजळी म्हणजे रिच. ओली, तेलकट काळी असेल तर ऑइल जळतंय, तो आजार वेगळा. आणि सहाही प्लग बघायचे हं! एकच काळा असेल तर कार्बोरेटरला दोष देण्यात अर्थ नाही, त्या सिलिंडरचा करंट तपासायचा.

सहाही काळे असतील तर आधी चोक पूर्ण उघडतोय का ते बघायचं. मग एअर क्लीनर. मानवत, सेलू हा कापसाचा मुलूख. काळ्या मातीची धूळ आणि कापसाची पिंज, दोन्ही क्लीनर तुंबवणारी. काही जुन्या कार्बोरेटरांत पेट्रोलच्या वाटीवर बाहेरच्या हवेचा दाब असायचा. क्लीनर तुंबला की आतली ओढ वाढायची आणि जेटमधून जास्त पेट्रोल यायचं. त्यानंतर फ्लोट: पितळी फ्लोट कानाशी हलवायचा, आत पेट्रोल वाजलं तर भोक पडलंय. भोक सापडत नसेल तर गरम पाण्यात बुडवायचा, बुडबुडे जागा दाखवतात. जेटला हात सगळ्यात शेवटी. माझ्या मते खरी हुशारी या क्रमातच होती.

१९७६ मध्ये व्होल्वोने कारमध्ये ऑक्सिजन सेन्सर आणला, आणि प्लग वाचायचं काम हळूहळू त्याच्याकडे गेलं. डिझेल ट्रकला असा प्लगच नसतो. तिथे काळा धूर दिसला की आजही पहिल्यांदा एअर फिल्टर काढून बघतात.