जालन्याचे पाणी आणि धरणांचा हिशेब

निजामकाळात बांधलेला घाणेवाडी तलाव ही जालना शहराची अनेक वर्षांची तहान भागविणारी व्यवस्था होती. तलावाचे पाणी उताराने शहरात येत असे. पुढे लोकवस्ती व पोलाद कारखाने वाढले आणि पाण्यासाठी गोदावरीकडे धाव घ्यावी लागली. प्रथम शहागड येथून, नंतर २०१२-१३ च्या दुष्काळाच्या सुमारास थेट पैठणच्या जायकवाडीतून अंबडमार्गे. त्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. शहराचे पाणी तेव्हापासून नाशिक व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील धरणांच्या साठ्याशी जोडले गेले.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. त्याचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६ टीएमसी. डाव्या कालव्याचे पाणी अंबड, घनसावंगी भागात पोहोचते. मात्र धरण भरणे हे वरच्या दारणा, गंगापूर, मुळा, भंडारदरा आदी धरणांत किती पाणी अडविले जाते यावर अवलंबून असते.

या वादाला कायद्याची चौकट मिळाली ती २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने. टंचाईच्या काळात खोऱ्यातील तूट सर्वांनी सारखी वाटून घ्यावी, हे त्याच्या कलम १२ (६) (क) चे सार. मराठवाड्यात याच तरतुदीची चर्चा अधिक झाली. तितकीच महत्त्वाची दुसरी तरतूद मात्र दुर्लक्षित राहिली : नवे प्रकल्प एकात्मिक राज्य जल आराखड्याशी सुसंगत असल्याखेरीज मंजूर करू नयेत. आराखडा मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने करावयाचा आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील परिषदेने मान्य करावयाचा होता. परिषदेची पहिली बैठक जानेवारी २०१५ मध्ये झाली, म्हणजे कायदा होऊन सुमारे दहा वर्षांनी!

दरम्यान २००७ ते २०१३ या काळात राज्यात सुमारे १९० प्रकल्पांना आराखड्याविनाच मान्यता मिळाली. महालेखापरीक्षकांनी यावर बोट ठेवले. जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांच्या जनहित याचिकेमुळे हा विषय उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. गोदावरी खोऱ्याचा आराखडा २०१७ मध्ये मान्य झाला. लोकप्रतिनिधींना आपल्या तालुक्यात धरण हवेच असते. पाणी उपलब्धतेच्या प्रमाणपत्राचा आग्रह त्यांना प्रशासनाचा अडथळा वाटतो. वस्तुतः जालन्यासारख्या खालच्या जिल्ह्याला संरक्षण आहे ते याच हिशेबाचे. वर मंजूर होणारा प्रत्येक बंधारा खालच्या साठ्यातून वजा होतो आणि हाच न्याय दुधनेच्या खोऱ्यात जालना व परभणी यांनाही लागू पडतो.

मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये समन्यायी वाटपाची सूत्रे दिली. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. तरी प्रत्येक टंचाईच्या वर्षी वाद नव्याने उभा राहतो. २०२३ मध्ये वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला. आंदोलने झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने स्थगिती नाकारली. प्रत्यक्ष विसर्ग सुरू होईपर्यंत नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला आणि कोरड्या पात्रातून येताना त्यातील काही पाणी वाटेतच मुरले.